फोटो केवढा मोठा काढायचा? प्रिंटच्या साईजचा हिशोब, सुरुवातीपासून

चवथ झाली, शिगमो झाला, घरात कुणाचं लग्न झालं की शेकड्यांनी फोटो फोनमध्ये पडून राहतात, आणि त्यातले चार-पाच तरी प्रिंट करून भिंतीवर लावूया असं घरात कुणीतरी म्हणतंच. मग मडगाव, म्हापसा, फोंडा जे जवळ असेल तिथल्या स्टुडिओत पेनड्राइव्ह घेऊन गेलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, "साईज कुठली?" आणि आपण म्हणतो "बारा-अठरा द्या", म्हणजे १२×१८ इंचांचा, कारण शेजाऱ्यांकडे तेवढाच आहे आणि तो बरा दिसतो. फोटो हातात आल्यावर कळतं की गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी अर्धी कापली गेलीय, किंवा चेहरे पुसट आलेत, किंवा सगळं नीट आलंय पण सोफ्याच्या वर लावल्यावर फोटो अगदीच एवढासा दिसतोय.

या तीन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली आकाराची, म्हणजे लांबी-उंचीच्या प्रमाणाची, दुसरी पिक्सलची, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो त्यांची (दहा लाख पिक्सल म्हणजे एक मेगापिक्सल), तिसरी भिंतीची आणि अंतराची. लोक काळजी करतात ती फक्त मधल्या गोष्टीची, "माझ्या फोनला इतके मेगापिक्सल आहेत, मोठा निघेल ना?" एवढंच विचारतात. माझं मत असं की घरात लावायच्या फोटोंमध्ये पिक्सल कमी पडून बिघडलेले फोटो त्या मानाने थोडे, आकार न जुळल्यामुळे कापले जाऊन बिघडलेले खूप जास्त. म्हणून आधी आकाराचं बोलूया.

फोनचा कॅमेरा साधारणपणे ४:३ या आकाराचा फोटो काढतो, म्हणजे लांबी ४ भाग तर उंची ३ भाग. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे, ३:२ चा काढतात. हा ३:२ आकार शंभर वर्षांपूर्वीच्या लायका कॅमेऱ्यामुळे सगळीकडे पसरला. ऑस्कर बार्नाक या जर्मन इंजिनियरने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाची फ्रेम १८×२४ मिलिमीटरची असायची ती दुप्पट करून २४×३६ ची केली, आणि १९२५ साली तो कॅमेरा बाजारात आला. पुढे रोलवाले बहुतेक सगळे कॅमेरे तोच आकार काढायला लागले, त्यामुळे ४×६, ८×१२, १२×१८ या साईज रूढ झाल्या, कारण या सगळ्या ३:२ च आहेत. ८×१० ची साईज त्याहून जुनी, स्टुडिओतल्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांच्या काळातली, तिचा आकार चौरसाच्या जास्त जवळचा आहे. म्हणजे दुकानातल्या रेट कार्डावर ज्या साईज एकाखाली एक लिहिलेल्या असतात त्या एकाच फोटोच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत, त्यातल्या काहींचा आकारच वेगळा आहे, आणि आपला फोटो त्यात बसवायचा म्हणजे कुठून तरी कापावा लागणार.

आता चवथीचाच फोटो घ्या. फोन आडवा धरून काढलेला, मागे गणपती, वर माटोळी, मध्ये सगळं घर उभं, पुढे पोरं मांडी घालून बसलेली. हा फोटो ४:३ चा आहे. तो १२ इंच रुंद काढायचा तर उंची ९ इंच यायला हवी. तुम्ही सांगितलं ८×१२. मशीनकडे उंचीला ८ च इंच आहेत, मग एक इंच जाणार, अर्धा वरून अर्धा खालून. वरच्या अर्ध्या इंचात माटोळीतल्या सुपाऱ्या, केळी, नारळ जातात आणि खालच्या अर्ध्या इंचात पोरांचे पाय. फोटोचा नववा भाग गेला आणि नेमका जो फोटोत मुद्दाम घेतला होता तोच गेला. उलट बाजूने बघितलं तर लग्नातल्या फोटोग्राफरने मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेला ग्रुप फोटो ३:२ चा असतो, तो तुम्ही ८×१० मध्ये मागितला की १२ इंचांतले २ इंच उडतात, ग्रुपच्या दोन्ही टोकांना उभी असलेली माणसं अर्धी होतात, आणि ती बहुतेक वेळा घरातली लाजरी माणसं असतात जी मुद्दाम कडेला जाऊन उभी राहतात.

त्यामुळे साधा नियम असा की मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो असेल तर ४×६, ६×९, ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३०, २४×३६ यातलं काहीही घ्या, काही कापलं जाणार नाही. फोनचा फोटो असेल तर ६×८, ९×१२, १२×१६, १८×२४. यातल्या ९×१२ आणि १२×१६ कित्येक ठिकाणी रेट कार्डावर नसतात, पण म्हणून त्या निघत नाहीत असं नाही. फोटोचा कागद रोलमध्ये येतो, रुंदी ठरलेली असते, ४, ५, ६, ८, १०, १२ इंच अशी, आणि लांबी मशीन हवी तेवढी सोडतं. १२ इंची रोल लावलेला असला की ९ इंचांवर कापला तर ९×१२ झाला, १६ वर कापला तर १२×१६, १८ वर कापला तर आपला नेहमीचा बारा-अठरा. फार तर पैसे बारा-अठराचे घेतील. नाहीतर सरळ सांगा की "फोटो कापू नका, पूर्ण बसवा, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल", ती पट्टी नंतर घरी कटरने कापता येते. हे एक वाक्य काउंटरवर बोलायला विसरू नका, कारण काही सांगितलं नाही तर कागद भरेपर्यंत फोटो मोठा करून उरलेलं कापायचं हीच बहुतेक ठिकाणची पद्धत आहे.

बारा-अठराच इतका कॉमन का, तेही या रोलमुळेच. नेहमीच्या लॅबमधल्या केमिकल प्रिंटच्या बऱ्याच मशीनना १२ इंचापर्यंतचाच रोल लागतो. त्याच्या वर गेलात की मोठ्या मशीनवर नाहीतर २४ किंवा ४४ इंची रोलच्या इंकजेट प्रिंटरवर जावं लागतं, कागद बदलतो, रंग थोडे बदलतात, पैसेही उडी मारतात, आणि काही वेळा काम बाहेर पाठवलं जातं. म्हणून १६×२४ सांगण्याआधी प्रिंट कशावर निघणार ते विचारून घ्या, आणि स्वस्तात मोठं मिळतंय म्हणून फ्लेक्सवर तर अजिबात छापून घेऊ नका, ते हायवेवरच्या बोर्डांसाठी आहे, घरातल्या भिंतीवर चेहरे त्यात खरबरीत दिसतात.

आता पिक्सल. फोटोत जेवढे पिक्सल आहेत तेवढेच आहेत, कागद मोठा घेतला म्हणून ते वाढत नाहीत, घावनाचं पीठ तेवढंच असलं आणि तवा मोठा घेतला की घावन पातळ होणारच. एका इंचात किती पिक्सल पडतात ते काढायचं, बस. १२ मेगापिक्सलच्या फोनचा फोटो साधारण ४०३२×३०२४ पिक्सलचा असतो. तो १२×१६ काढला तर ४०३२ भागिले १६, म्हणजे इंचाला २५२. १८×२४ काढला तर १६८. स्टुडिओत तुम्हाला सांगतील की ३०० पाहिजे, आणि हातात धरून बघायच्या फोटोला, अल्बमला, ४×६ ला ते बरोबर आहे, त्यासाठी १२००×१८०० पिक्सल लागतात म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सल, कुठलाही फोन ते देतो. पण भिंतीवरच्या फोटोला ३०० चा आग्रह धरायची गरज नाही. (फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, तो नुसता फाइलवर लिहिलेला आकडा आहे, खरे मोजायचे ते पिक्सल.)

३०० चा आकडा आला कुठून? चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक वेगळं दिसतं. हे अंतरात मांडलं तर एका फुटावरून इंचाला साधारण २९० पिक्सलच्या पुढे डोळ्याला फरक कळत नाही. दोन फुटांवरून १४५ पुरतात, तीन फुटांवरून ९५, सहा फुटांवरून पन्नाससुद्धा पुरतात. म्हणजे अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी. हायवेवरचे बोर्ड जवळ जाऊन बघितले तर टिपके टिपके दिसतात आणि गाडीतून छान दिसतात ते याच्यामुळेच.

पण घरातला फोटो लोक सहा फुटांवरून बघून गप्प बसत नाहीत. दूधसागरचा किंवा मिरामारच्या संध्याकाळचा फोटो असेल तर लोक लांबूनच बघतात, छान आहे म्हणतात, बसतात. तोच घरातल्या तीस माणसांचा ग्रुप फोटो असेल तर पाहुणा उठतो, जवळ जातो, बोट लावतो, "ही कोण, तुझी मावशी ना?" म्हणून विचारतो. चेहरे माणसाला जवळ ओढतात. म्हणून देखाव्याच्या फोटोला मी इंचाला १०० पर्यंतसुद्धा खाली जायला तयार असतो, माणसांच्या फोटोला १५० च्या खाली नको, आणि ग्रुप फोटोला जमेल तर २०० धरा. ग्रुप मोठा असेल तर साईजही मोठी हवी, कारण पन्नास माणसांच्या फोटोत ४×६ वर प्रत्येकाचं तोंड बोटाच्या नखापेक्षा लहान येतं. याउलट एकाच माणसाच्या चेहऱ्याचा क्लोजअप असेल तर फार मोठा करू नका. माणसाचं डोकं खरं बघायला गेलं तर नऊ इंचांच्या आसपास असतं, त्याच्यापेक्षा मोठा चेहरा बसायच्या खोलीत भिंतीवर लावला की तो अंगावर येतो, घरातल्या माणसाचा फोटो न वाटता निवडणुकीतला वाटतो. पोर्ट्रेटला १२×१८ पुष्कळ झाला.

आणि हा सगळा हिशोब मूळ फाइलचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सलचा होऊन येतो, वर दाबून बारीक केलेला. त्याचा ४×६ ठीक निघतो, ५×७ चालून जातो, बारा-अठरा काढला तर १६०० भागिले १८, म्हणजे इंचाला ८९. केस, साडीची जर, डोळ्यांच्या पापण्या सगळं मऊ होऊन जातं. बहुतेक लोक स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच फोटो पाठवतात आणि मग प्रिंट खराब आली म्हणून त्याच्याशी भांडतात. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, गॅलरीतून पाठवू नका, किंवा ड्राइव्हवर टाका, नाहीतर केबल लावून पेनड्राइव्हवर घ्या.

क्रॉप केलं की पिक्सल उडतात हे पण लक्षात राहत नाही. याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे घरातलं कुणी गेल्यावर जी धावपळ होते ती. बाराव्याच्या आत फोटो फ्रेम करून हवा असतो, आजोबांचा एकट्याचा चांगला फोटो कुणाकडेच नसतो, मग भाचीच्या लग्नातल्या स्टेजवरच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढतात. अख्खा फोटो भले ४००० पिक्सलचा असेल, त्यातले आजोबा खांद्यापर्यंत घेतले तर उंचीला ६०० पिक्सल भरतात. त्याचा १२×१८ केला की इंचाला ३३. मग स्टुडिओवाला सॉफ्टवेअरने तो फुलवतो, हल्ली एआयने तर फारच गुळगुळीत करून देतात. पण नसलेले पिक्सल ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, डोळ्यांची ठेवण बदलते, गालावरची सुरकुती जाते, आजोबांसारखा दिसणारा कुणी दुसराच माणूस फ्रेममध्ये येतो, आणि घरातल्यांना ते कळतं, फक्त त्या दिवसांत कुणी बोलत नाही. त्यापेक्षा तोच फोटो ४×६ किंवा ५×७ काढा आणि भोवती रुंद माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, घालून मोठ्या फ्रेममध्ये बसवा. हार घालायला फ्रेम मोठी लागते हे खरं, पण आतला फोटो मोठाच हवा असं काही नाही. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांचा एकेक चांगला फोटो आत्ताच, ती हसत-बोलत असताना, खिडकीच्या उजेडात काढून ठेवा, एकट्याचा, मोकळी जागा सोडून.

जुने फोटो, पोर्तुगीज काळातले, खुर्चीत बसलेले पणजोबा आणि मागे उभ्या पणजी, असे ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ते फोनने फोटोवर फोटो काढून मोठे करू नयेत, स्कॅन करावेत. ६०० डीपीआयवर स्कॅन केला की मूळ फोटोच्या दुप्पट साईजचा प्रिंट ३०० ने निघतो, ४×६ चा ८×१२ होतो. कागदावरच्या जुन्या फोटोत त्याहून जास्त बारकावा बहुतेक नसतोच, त्यामुळे २४०० वर स्कॅन करून फाइल तेवढी जड होते, बाकी काही नाही. निगेटिव्ह जपून ठेवलेली असेल तर मात्र ती निगेटिव्हच स्कॅन करा, तिच्यात प्रिंटपेक्षा बरंच जास्त असतं. आणि जुना फोटो चौरस असेल तर चौरसच ठेवा, ८×८ किंवा १२×१२, त्याला बारा-अठरात कोंबू नका.

भिंतीचं गणित त्या मानाने सोपं. सोफा, दिवाण, साइडबोर्ड जे खाली असेल त्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश भिंत फोटोने भरायला हवी, सहा फुटी सोफा असेल तर चार फूट. म्हणजे एकटा बारा-अठरा तिथे हरवतो. एक २४×३६ आडवा लावा, नाहीतर १२×१८ चे तीन उभे शेजारी शेजारी, मध्ये दोन-तीन इंच सोडून. फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर. आपल्याकडे जुन्या घरांत फोटो दारावर अगदी वर, पुढे झुकवून लावतात, राजांगणाच्या (घरामधल्या उघड्या अंगणाच्या) चारी बाजूंनी किंवा सालात (बैठकीच्या मोठ्या खोलीत), छप्पर उंच असतं आणि खालून बघायचं असतं. तिथे ८×१० लावला तर मान वर करून डोळे बारीक करावे लागतात, अशा ठिकाणी १६×२० किंवा १६×२४ च हवा, आणि तेवढ्या अंतरावरून इंचाला १०० पिक्सलसुद्धा भरपूर. फ्लॅटमधल्या पॅसेजमध्ये उलटं, समोरची भिंत तीन फुटांवर, तिथे मोठा फोटो नजरेत मावतच नाही, ६×८ चे चार-पाच छान दिसतात. शंका असेल तर वर्तमानपत्र घ्या, एक पान बारा-अठरापेक्षा थोडंसंच मोठं असतं, हव्या साईजचं कापून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता बघितलं की कळतं, आणि बहुतेकांना कळतं ते हेच की आपण एक साईज लहान सांगणार होतो.

फ्रेमवाल्याकडे जाताना दोन गोष्टी धरून चला. फ्रेमची पट्टी फोटोच्या चारी बाजूंचा पाव इंच तरी झाकते, आणि बॉर्डरलेस प्रिंटमध्ये मशीनही कडेचे दोन-तीन मिलिमीटर खातं, त्यामुळे अगदी कडेला हात, पाय, नाव, तारीख असं काही नको. दुसरं म्हणजे माउंट. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तेव्हा भिंती दमट होतात, चिऱ्याच्या जुन्या भिंती तर ओल धरूनच बसतात. काचेला थेट टेकलेला ग्लॉसी फोटो दोन-तीन पावसाळ्यांत काचेला चिकटतो आणि काढायला गेलं की फाटतो. माउंट घातला की काच आणि फोटो यांच्यात अंतर राहतं. त्यासाठी फ्रेमची साईज आधीच वाढवून धरा, ८×१२ च्या फोटोला दोन इंच माउंट म्हणजे फ्रेम १२×१६, १२×१८ ला तीन इंच म्हणजे १८×२४. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बटण लावून घ्या म्हणजे भिंतीपासून ती थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. १६×२४ च्या वरचा कागद दमट हवेत लाटा धरतो, तो सनबोर्डवर (हलक्या, कडक फोमच्या पत्र्यावर) चिकटवून घेतलेला बरा, आणि कागद मॅट नाहीतर लस्टर (कमी चमकीचा) घ्या, बाल्कांवाच्या (पुढच्या व्हरांड्याच्या) उजेडात ग्लॉसीवर फोटोपेक्षा खिडकीच जास्त दिसते. कॅनव्हासवर काढणार असाल तर कडा मागे दुमडायला चारी बाजूंना दीड-दोन इंच जातात, तेवढी मोकळी जागा फोटोत आहे का बघा.

मांडवीवरच्या पुलांचा, नाहीतर घरामागच्या शेताचा लांबलचक पॅनोरामा असेल तर लग्नाच्या अल्बमची लांब पानं छापणारी लॅब शोधा. अल्बम उघडल्यावर पान १२×३६ चं असतं, म्हणजे १:३, पॅनोरामाला हा आकार जवळपास बरोबर बसतो आणि तो कागद त्यांच्याकडे रोजच चालू असतो.

मोठी ऑर्डर द्यायच्या आधी एक करा. २४×३६ काढायचा विचार असेल तर फोटोची लांबी आणि उंची दोन्हींचा सहावा भाग येईल एवढाच तुकडा क्रॉप करा, त्यात एखादा चेहरा येईल असा, आणि तो ४×६ वर प्रिंट करून आणा. १२×१८ साठी तिसरा भाग घ्यायचा. मोठा फोटो जेवढा बारीक किंवा पुसट येणार तेवढाच त्या तुकड्यात येतो, खर्च एका पोस्टकार्ड साईजच्या प्रिंटचा. तो जिथे फोटो लागणार तिथे भिंतीवर चिकटवा, जिथे बसणार तिथून बघा, मग पाहुणा जाईल तेवढं जवळ जाऊन बघा, आणि जवळून नको वाटला तर एक साईज खाली या.